मामाच्या तारा

तारा हलल्याच नाहीत. डोळ्यांवर रुमाल बांधलेला मामा मातीखालच्या गटारावरून सरळ पुढे निघून गेला. भाचीने त्याला दंडाला धरून दोन गिरक्या दिल्या आणि पुन्हा चालवलं. पुरलेल्या बांधकामावर आलं की आपोआप वळतात म्हणून गाजलेल्या त्याच्या मुठींतल्या काटकोनात वाकवलेल्या पितळी तारा ढिम्मच. आणि हे दगडी गटार तर मामानेच शोधलेलं, मामी या किल्ल्याचे नकाशे काढायची त्या काळात.

भाचीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पदार्थविज्ञान शिकून ती इथे किल्ल्याच्या उत्खननात कामाला लागली होती. जमिनीत वीज सोडून पुरलेलं बांधकाम ताडणारं तिचं यंत्र म्हणत होतं, किल्ल्याचा हरवलेला हौद पडक्या बुरुजापाशी आहे. पण उत्खननाचे साहेब ऐकायला तयार नव्हते. "यंत्राला काय कळतंय? मामांच्या तारा बोलू देत." चर एकच खणायचा होता, तोही आज. उद्यापासून पटांगणात गाड्यांसाठी फरशी बसणार होती. म्हणून तिने मामाकडून ही विद्या शिकायला घेतली होती. शिकायची कसली, उघडी पाडायची.

पण रुमालाची गाठ सोडताना तिला त्याच्याकडे बघवेना. याच माणसाने तिला सायकल शिकवली होती.

"झालं समाधान?" मामा हसत होता. "आता तू चाल. डोळे उघडे ठेवून."

ती चालली. गटारावर आली आणि तारा हळूच वळून एकमेकींना भिडल्या.

"मी काही केलं नाही हं!"

"कुणीच करत नाही, शहाणे. डोक्याला ठाऊक असलं की मनगट चुगली करतं."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग हे गटार, ते कोठार, तटाची भिंत... कसं शोधलंस सगळं?"

"हौद कुठे म्हणालीस?"

तिने बुरुजाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात साहेब आले, मागे कुदळी घेतलेली माणसं. मामा लगेच मनगट चोळू लागला.

"साहेब, आज हात धरलाय. भाची चालेल. माझ्याच हाताखाली तयार झालीय."

"अख्खी एक सकाळ," ती पुटपुटली.

मामाने डोळा मिचकावला. ती निघाली. मुठी तिने सैल ठेवल्या, अगदी प्रामाणिकपणे. बुरुजाच्या सावलीत पाऊल पडलं आणि तारा वळल्या.

"वा! रक्तातच आहे!" साहेब खूश झाले. "खणा इथेच."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मातीतून हौदाची चुना लावलेली कड वर आली. साहेब जो भेटेल त्याला तारांची महती सांगत सुटले. भाची मातीच्या ढिगावर मामाला खेटून बसली.

"आता तरी सांग."

मामाने तारा सदऱ्याला पुसल्या आणि तिच्या मांडीवर ठेवल्या.

"सगळं तुझ्या मामीनेच शोधलं होतं. नकाशा पुढे ठेवून घसा कोरडा करायची बिचारी, पण तिचं कुणी ऐकायचंच नाही." "म्हणून मग मी तारा वाकवल्या."