हवेची नळी

गुलाब गावच्या तलावात बुडाला आणि चौथ्या दिवशीही प्रेत तरंगलं नाही, म्हणून नागपूरहून पाणबुड्या आला. पाठीवर हवेची टाकी बांधून, तिची नळी तोंडात धरून तो खाली उतरला. वर डोंग्यात त्याचा दोर धरून गुलाबचा थोरला भाऊ देवराव बसला.

थोड्याच वेळात दोराला असे हिसके बसले की देवरावच्या तळहातांची सालं निघाली. त्यानं जीव खाऊन ओढलं.

पाणबुड्या वर आला तो रक्तबंबाळ. ओठ फाटलेले, गळ्यावर नखांचे ओरखडे.

"कोनं मारलं, साहेब?"

"तो नळी हिसकतो. एक श्वास घेतो, मग मला देतो."

"माह्या भावाले मरून चार दिस झाले, साहेब!"

डोंग्याला खालून धडका बसू लागल्या. पाणबुड्यानं देवरावला लाथेनं बाजूला सारलं आणि वाकून नळी पाण्यात सोडली.

"आता त्याची पाळी आहे."