तीन आचमने

हिमनदीखालच्या सरोवरातले, सहस्रावधी वर्षे सूर्य न पाहिलेले पाणी नळीतून वर आले. नमुन्याच्या बाटल्या भरून झाल्यावर केळशीकर सरांनी हातमोजा काढला आणि उरलेले पाणी तळहातावर घेतले. ज्या सरोवरातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करायचा, त्याचे आधी आचमन करायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता.

“आम्हाला तर नमुन्यावर श्वासही सोडू देत नाही तुम्ही,” त्यांची विद्यार्थिनी शर्वाणी हसून म्हणाली.

“आचमन हातमोजे घालून होत नाही, बाळ. आणि बर्फातले जीव आपल्या उष्णतेत तग धरत नाहीत.” त्यांनी तीन वेळा पाणी प्राशन केले.

तंबूतल्या प्रयोगशाळेत त्या पाण्याच्या दोन बशा ठेवल्या गेल्या. एक सरोवराइतक्या थंडीत. दुसरी, केवळ नियम म्हणून, मानवी देहाच्या उष्णतेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणीने दोन्ही बशा उजेडाकडे धरल्या. थंडीतली निर्मळ होती. उष्णतेतली काठापर्यंत करड्या सायीने भरली होती.

सर दाराशी उभे होते. बाहेर उणे बारा अंश असूनही त्यांनी कानटोपी काढली होती आणि कपाळ घामाने चमकत होते. देवघरातल्या मूर्तीकडे पाहावे तसे ते त्या बशीकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

“सर, बसा ना,” म्हणत ती त्यांचा हात धरायला पुढे झाली.

ते एक पाऊल मागे सरले.

“आधी हातमोजे घाल,” ते शांतपणे म्हणाले.