सासूबाईंचं गाऱ्हाणं

“तुमच्या सासूबाईंनी तुमची अब्रू पार वेशीवर टांगली हो,” नर्सबाई म्हणाल्या आणि हँडल तुटलेली बॅग त्यांनी टेबलावर ठेवली.

तिने हातातली सुई थांबवली. “काय झालं?”

“दवाखान्यात भरल्या लोकांत सांगत होत्या. म्हणे, सून एकदा शिवलेलं पुन्हा उसवते. टाका तसूभर वाकडा गेला की झालं! इकडे घरात जेवण गार होतंय, आणि ही बसलीय जिन्याखाली लोकांच्या बॅगांना मांडीवर घेऊन.”

तिचे कान तापले. बॅगा-पिशव्या दुरुस्त करायचं दुकान काढलं, त्या दिवसापासून सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं. “दुनियेच्या चिंध्या शिवायला सून आणली का मी?” एवढं बोलून त्या आत निघून गेल्या होत्या.

दुकान तरी कसलं? औषधांच्या दुकानाला लागून जिन्याखालची चिंचोळी जागा. सरळ उभं राहिलं की डोकं आपटायचं. पण ती जागा तिची होती. शाळा सुरू होईपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर कुलूप लावून पुन्हा कारखान्यात खोकी भरायला जायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. झेरॉक्सवाला त्या जागेवर डोळा ठेवूनच होता.

जाहिरातीला पैसा नव्हता. पाटी नवऱ्याने स्वतः रंगवली, तर ‘दुरुस्ती’तली ‘स्ती’ कोपऱ्यात अंग चोरून बसली. थोडी पत्रकं छापली, त्यांच्या फळवाल्याने पुड्या बांधल्या. पहिलं काम निम्म्या दरात ठेवलं, तेव्हा माणसं आली ती पहिल्या कामापुरतीच.

आणि आता वर ही बदनामी.

“हँडल परवा देते,” ती खालच्या आवाजात म्हणाली.

“सावकाश द्या. पण तसंच उसवून-बिसवून करा हं, त्या म्हणत होत्या तसं. दोनदा तुटलंय हे.”

तेव्हा तिच्या काही लक्षात आलं नाही. उजेड पडला तो कंडक्टर आला तेव्हा. त्याच्या चामडी पिशवीचं बक्कल निखळलं होतं.

“चेन पुन्हा बिघडली तर फुकट करून देणाऱ्या त्या तुम्हीच ना? बसमध्ये एक आजी कपाळ बडवत होत्या. म्हणे, धंदा करते की दानधर्म! औषधांच्या दुकानाशेजारी, जिन्याखाली, दुपारीसुद्धा उघडं ठेवते म्हणे वेडी.”

तो गेल्यावर ती एकटीच तोंडाला पदर लावून हसली. जे काम पत्रकांनी केलं नाही, ते सासूबाईंच्या जिभेने फुकटात केलं होतं!

त्या संध्याकाळी नवरा तावातावाने उठला. “आता आईशी बोलतोच मी.”

“काही बोलू नका,” ती म्हणाली. “माझी शपथ आहे.”

उलट तीच आता सासूबाईंना खाद्य पुरवू लागली.

“आई, आज यायला उशीर होईल हं. कॉलेजातल्या सरांची बॅग आलीय. सगळं अस्तर बदलायचंय.”

“त्याला नवी घ्यायला काय झालं?” सासूबाई फणकारायच्या.

“नवी असली टिकत नाही म्हणाले. मीही म्हटलं, माझ्या हातची दहा वर्षं बघायला नको.”

सासूबाई ओठ मुडपायच्या आणि चपला शोधायला लागायच्या. एरवी गुडघ्यांच्या नावाने जिना न उतरणाऱ्या बाई, पण चुगलीपुढे कुठले गुडघे! कधी बँकेच्या रांगेत, कधी भाजीबाजारात. आणि दोन-तीन दिवसांत चामडी बॅगा घेतलेले लोक जिन्याखाली वाकून विचारायचे, “अस्तर बदलता ना?”

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात दप्तरांचा असा ढीग लागला, की तिला बसायला जागा उरेना. झेरॉक्सवाल्याने आशा सोडली. इतकंच नाही, स्वतःच्या पोराचं दप्तर शिवायला टाकून गेला.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक कळवळून म्हणालं, “अहो, त्या किरकिऱ्या म्हातारीजवळ तुम्ही राहता तरी कशा?”

ती नुसती हसली आणि टाका घालत राहिली. पण ते हसू दिवसभर तिला सुईसारखं टोचत राहिलं. गावभर म्हातारीचं नाव खराब व्हावं आणि त्याच्या जिवावर आपल्या घरी बरकत यावी? संध्याकाळी घरी देवासमोर हात जोडायला गेली, तर हात जोडवेनात.

ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. ती त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

“आई, माझं चुकलं. तुम्ही बाहेर माझी गाऱ्हाणी सांगता, ते मला केव्हाच कळलं होतं. त्यामुळेच गिऱ्हाईक यायला लागलं. म्हणून मीच मुद्दाम तुम्हाला डिवचत राहिले. तुमच्या तोंडून काढून घेत राहिले. आणि आता लोक तुम्हाला...”

“काय म्हणतात?”

तिने मान खाली घातली. “किरकिरी.”

“सगळे?”

“बहुतेक सगळे.”

सासूबाईंनी हातातली शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

“म्हणजे इकडचे सगळे झाले तर,” त्या म्हणाल्या. “मग उद्यापासून पुलापलीकडच्या बाजारात जाऊन रडते. तिकडे अजून आपलं एकही गिऱ्हाईक नाही.”