जहाजाचा षड्ज

"आज दहा मिनिटांत लोक उठले, तर उद्यापासून इथे जादूचे प्रयोग," असं बजावून व्यवस्थापक गेला, तेव्हा गायिका शर्वाणी लाउंजच्या भिंतीला कान लावून उभी होती.

लक्षद्वीपकडे निघालेल्या त्या क्रूझवर आधीच्या दोन्ही संध्याकाळी तिचं गाणं पडलं होतं. गळा ठीक होता, तंबोरे लागलेले होते, तरी काहीतरी खुपत होतं. ते आता सापडलं. इंजिनाची घरघर एकाच सुरात चालली होती आणि तो सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत होता.

"अप्पा, तंबोरे या घरघरीवर लावू या."

"आणि माझी पेटी? तिला काय खुंट्या आहेत पिळायला?" पेटीवाले अप्पा उखडले. "आता इंजिनाचा गंडा बांधणार का तू?"

"आजच्या दिवस पेटी राहू द्या. तुम्ही तंबोऱ्यावर बसा."

अप्पांनी भाता बंद केला आणि तोंड फिरवूनच तंबोरा घेतला. शर्वाणीने षड्ज लावला. तो घरघरीत असा मिसळला, की भिंती, टेबलं, पेल्यांतलं पाणीसुद्धा साथीला बसल्यासारखं वाटलं. अप्पांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. पलीकडे बुफे मांडला गेला, तरी कोणी उठलं नाही.

गाणं संपताच व्यवस्थापक धावत आला. "उद्याही असंच रंगेल ना?"

"ते कप्तानांना विचारा," अप्पा म्हणाले. "त्यांनी वेग बदलला, की सूर बदलणार. तेवढं जरा आधी कळवा म्हणावं, तंबोरे लावायला वेळ लागतो."