वरची चाळण

“अरे, वरच्या चाळणीची भोकं एवढी मोठी करतं का कुणी? वरून बाहेर घरंगळणारे गोटे आत शिरतील, पाणी वाढवावं लागेल आणि या फ्रेझर नदीचं पिठासारखं सोनं वाहून जाईल!” मी ड्रिल हातात धरून आयव्हरवर ओरडलो. वीस वर्षं आम्ही या काठावर यंत्र लावून सोनं धुतलं, पण असला वेडेपणा त्यानं कधी केला नव्हता. “जाऊ दे. आधी एक भोक पाड,” तो म्हणाला. मी चिडूनच पाडलं. त्यानं थुंकी लावून बोटातली अंगठी काढली आणि भोकावर धरून सोडली. सोनं अडवणाऱ्या खालच्या पन्हळीत ती टणकन वाजली. तेव्हा आठवलं, आजारपणात काडी झालेल्या त्याच्या बायकोच्या, सिग्नेवहिनींच्या बोटातून लग्नाची अंगठी याच वाळूत निसटली होती आणि मरेपर्यंत त्या रिकामं बोट चाचपत राहिल्या. “माझी पडली,” आयव्हर म्हणाला, “म्हणजे तिचीही पडेल. पाड बाकीची भोकं.”