वडातला खिळा

हसुरामनं खिळ्यावर पहिला घाव घातला आणि मागं बसलेली त्याची पोर मनवा किंचाळली.

"गप गं, झालंच! ताप कायमचा जाईल तुझा."

त्यांच्या गावात तापकऱ्या पोराचे केस खिळ्याला गुंडाळून वडात ठोकतात. आता वड उरला होता फक्त या बेटावरच्या सरकारी बागेत. झाडाला जेवढी इजा कराल तेवढीच तुम्हाला होणार, हा तिथला नियम. त्यासाठी बोटीच्या धक्क्यावर प्रत्येकाची लाळ ओळखीला घेऊन, झाडाची इजा अंगात पोचवणारा दाणा मानेत टोचायचे. हसुरामची दुखून घ्यायची तयारी होती, पण त्याला काहीच दुखेना. खिळा वरवर बसला असेल, म्हणून त्यानं चिडून दुसरा घाव दणकून घातला.

मनवा छाती धरून आडवी झाली. तोंडातून रक्त आलं.

"ए मुडद्या, थांब!" बागेची राखणदारीण ओरडत धावली. "झाड हात बघत नाय, अंग ओळखतं. कोणाचे केस हायत त्यात?"

"पोरीचे." त्यानं खिळा धरला.

"उपटू नको, मरंल ती! ठोकताना लागलं त्याच्या दुप्पट लागंल!"

हसुरामनं कमरेची कोयती काढली आणि आपला तळहात उभा फाडला. खिळ्यावरचे केस ओरबाडून काढले, त्याच्याभोवतीचं भोक आपल्या रक्तानं भरलं. झाडाला आपलं अंग नीट ओळखू दिलं. मग दातावर दात दाबून खिळा उपटला.

या खेपेला तो एकटाच किंचाळला.