बाधित रहिवासी

मास्ट्रिख्टजवळच्या एका गावात प्रणिताचं घर होतं आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर 'बीच' जातीच्या झाडांचं जुनं जंगल. ते जंगल एका कंपनीला गोदामासाठी द्यायचं आणि बदल्यात कंपनीचं मक्याचं शेत घ्यायचं, असा घाट गेमेंटेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, घातला. पर्यावरण अहवालही झटपट तयार झाला. घुबडं, वटवाघळं, दीडशे वर्षांची झाडं, सगळ्यांवरचा परिणाम त्यात 'नगण्य' ठरला होता.

प्रणिताने रजा काढून डचमध्ये अकरा पानी हरकत लिहिली. सुनावणीत अधिकाऱ्याने तिचं घर नकाशावर शोधलं आणि तो गोड हसून म्हणाला, "मॅडम, हरकत फक्त बाधित रहिवाशांना घेता येते. तुमच्या घरातून गोदाम दिसणारच नाही. मधे एवढं जंगल आहे!"

"अहो, पण तेच तर तुम्ही तोडायला देताय ना?"

"आजच्या तारखेला तर आहे," म्हणत त्याने फाइल मिटली.

फेब्रुवारीत झाडं पडली. दिवाळीपर्यंत तिच्या खिडकीसमोर पत्र्याची करडी भिंत उभी राहिली. प्रणिताने त्या भिंतीचा फोटो काढला आणि तो जोडून हरकत पुन्हा पाठवली. "आता काय म्हणतात ते बघूच," ती नवऱ्याला म्हणाली. उत्तर आठवड्याभरात आलं.



"आपण बाधित आहात, हे आम्हाला पूर्णपणे मान्य आहे, मात्र हरकत घेण्याची सहा आठवड्यांची मुदत झाडं उभी असतानाच संपली."